वानरानं बघितलेली बाई

"वयनी, नजर खाली," तात्या म्हणाले. "त्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाई."

मी नजर खाली केली. नाचणीच्या ओळीत माझ्यासमोर हुप्प्या वानर बसला होता. हात लांब केला असता तर शेपटी हाताला लागली असती, इतका जवळ. मला त्याचे फक्त पाय दिसत होते. काळी, लांब, माणसासारखी बोटं. वरून कणीस चघळल्याचा आवाज येत होता, अगदी सावकाश, दुपारच्याला कुणी निवांत पान खात बसावं तसा.

"वाजवा," तात्या म्हणाले.

मी गोफण डोक्यावर गरगर फिरवली आणि झटका दिला. खडा घातला नव्हता, नुसता आवाज काढायचा होता. दोराचं टोक असं कडाडलं की ओढ्यातले बगळे उठले. शेताच्या वरच्या अंगाला उंबरावर वानरांचा अख्खा कळप बसला होता, तो फांद्या हेलकावत पलीकडच्या रानात गेला. माद्या, पोटाला बिलगलेली पिल्लं, तरणे वानर, सगळे.

माझ्यासमोरचे पाय हलले नाहीत.

"पुन्यांदा."

मी पुन्हा वाजवली. मनगट भरून येईस्तोवर वाजवली. पाय तिथंच. एका पायाचा अंगठा तेवढा मातीत जरासा रुतला.

"झालं, वयनी." तात्यांचा आवाज मऊ झाला. ते आमच्या वाडीतल्या मारुतीचे पुजारी, नात्यानं माझे चुलत दीर, आणि मनानं काही वाईट माणूस नव्हते. "मारुतरायानं बघितलं तुमास्नी. आता शनवारी गोफण सुनंच्या खांद्यावर टाका."

आमच्या सोनघळ वाडीत बाई म्हातारी कधी झाली ते वानर ठरवायचं. केस पिकले म्हणून नाही, दात पडले म्हणून नाही, नातवंडं मांडीवर आली म्हणूनही नाही. डोंगरउताराची आमची शेतं. गडी सगळे मुंबईला ओझी उचलायला गेलेले. पेरणी बायकांची, कापणी बायकांची, आणि कणसात दूध भरल्यापासून ती घरात येईपर्यंतची राखणही बायकांचीच. शेताच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधायचा, वर गवताचं छप्पर घालायचं, आणि गोफण घेऊन दिवसभर तिथं बसायचं. घरात एक गोफण आणि ती धरणारी एक बाई, अशी रीत.

वानराला माणसाचं तोंड वाचता येतं, असं सगळे म्हणायचे. गडी दिसला की ते लांबूनच पळतं. तरणी बाई उभी राहिली की गोफणीचा आवाज ऐकून पळतं. पण म्हातारं तोंड समोर आलं की ते ओळखतं आणि बसून राहतं. बसून राहिलं की समजायचं, देवानं कौल दिला. मग शिवेच्या दगडापाशी नारळ फोडायचा, सासूनं गोफण सुनेला द्यायची, आणि दगडाच्या वर पुन्हा पाऊल टाकायचं नाही. खाली घर आहे, चूल आहे, पाळणा आहे. तिथं बसायचं.

आणि कौल घेताना वानराच्या पायांकडंच बघायचं. देवाच्या डोळ्याला डोळा कोण देणार?

आज ही गोष्ट सांगताना माझं वय काय ते विचारू नका. तेव्हा मला नातूही नव्हता. भाऱ्याखाली मान वाकत नव्हती. आणि माळा माझा होता. घरात मी कुणाची सून, कुणाची आई, सणाला मुंबईहून येणाऱ्या माणसाची बायको. माळ्यावर मी नुसती सगुणा. तिथं ओवी म्हणायची तर गळा मोकळा सोडून, जात्याच्या घरघरीत दडवून नव्हे.

*उगवला दिस माझ्या, माळ्याच्या कोनाला,*
*गोफण सांगे गूज, कणसाच्या कानाला.*

ही मीच जुळवलेली. वर बसल्यावर ओव्या आपोआप यायच्या. घरात बसून एकही आली नव्हती.

मी घरी पोचायच्या आधीच वाडीला कळलं होतं. विमल, माझी सून, चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली होती.

"आई, खरं का वो?"

"काय खरं?"

"त्यानं बघितलं म्हनं तुमाला."

"मला बघायला मी काय नवरी हाय?"

ती फस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडावर धरला. मला तिचा राग आला आणि आला तसा गेलाही. लग्न होऊन आल्यापासून ती त्या धुरात बसली होती. तिचं माहेर पठारावरचं, उघड्या वाऱ्याचं.

"तुला पायजे का गोफण?" मी विचारलं.

तिनं लाकूड आत सारलं. "खोटं कशाला बोलू आई? आवडंल मला वर जायला."

"आन मी हितं बसू? धुरात?"

"मी बसतेच की," ती म्हणाली.

कोपऱ्यात माझी सासू, आत्याबाई, वाती वळत बसली होती. माझा मुलगा पावलं टाकायला लागला त्या साली तिला वानरानं बघितलं. तेव्हापासून ती शिवेच्या दगडाच्या वर गेली नव्हती. फार बोलायचीही नाही. त्या दिवशी मात्र वात वळता वळता थांबली.

"किती जवळ बसला हुता गं?"

"हात लांब केला तर शेपटी लागली आस्ती."

"आन उठला न्हाई?"

"न्हाई उठला."

"त्याचं तोंड कसं हुतं?"

"आत्याबाई, तोंड बघायचं नसतंय."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. "मी बी न्हवतं बघितलं." आणि पुन्हा वाती वळायला लागली.

मी सहजासहजी हार मानणारी नव्हते. शनिवारच्या आधी एका सकाळी मी मालकांचा खाकी सदरा अंगात चढवला, धोतर नेसले, डोक्याला मुंडासं गुंडाळलं. विमल दारात उभी राहून बघत होती.

"आई, मिशा काढू का काजळानं?"

"काढ."

"आकडेबाज?"

"काढ म्हणते न्हवं, चावटपणा नगं करू."

तिनं माझी हनुवटी धरून अगदी मन लावून मिशा काढल्या. आत्याबाई म्हणाली, "आगं, ही तर हुबेहूब माझ्या लेकावानी दिसाय लागली." आम्ही तिघी खूप दिवसांनी एकदम हसलो.

शेतात गेले. मला बघून कळप उंबरावरनं रानात पसार झाला. मग कडेच्या करवंदीतून हुप्प्या आला, ओळीत बसला, कणीस ओढलं. मी गोफण वाजवली. पाय हलले नाहीत. तिथं तात्या नव्हते. वाडीतलं कुणी नव्हतं. मी आणि तो, दोघंच. तरीही मी नजर वर केली नाही.

"ओळखलं?" घरी आल्यावर आत्याबाईनं विचारलं.

"ओळखलं."

"मिशा बघून बी?"

"मिशा बघून बी."

"हुशार हाय मेला," ती म्हणाली. पण तिचा चेहरा कसल्या तरी विचारात होता.

शनिवारी सकाळी शिवेच्या दगडापाशी वाडी जमली. दगडाच्या वरच्या अंगाला गोफणवाल्या तरण्या बायका. खालच्या अंगाला वानरानं बघितलेल्या म्हाताऱ्या. माझी जागा कुठली ते ठरलेलं होतं, तिथं पोचायला एक पाऊल बाकी होतं. तात्यांनी दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला, पाणी शिंपडलं.

"टाका वयनी, सुनंच्या खांद्यावर."

विमल पुढं आली. हिरवं लुगडं नेसली होती, डोळे भरलेले होते आणि खांदा मात्र पुढं केलेला होता. मी गोफण उतरवली. अंबाडीची, माझ्या हातानं वळलेली. तळव्याच्या घामानं काळी पडलेली.

आणि माझा हात पुढं जाईना.

"मी देणार न्हाई," मी म्हणाले.

मग तात्या म्हणाले, "आसं बोलू नये वयनी. देवाचा शबूद हाय."

"आसंल. मला त्यानं काय सांगितलं न्हाई. नुसता बसून खात हुता."

"त्यो बसला, म्हंजीच सांगितलं की."

"मग कळप का पळाला? माझीच गोफण ऐकून पळाला न्हवं? सगळ्यांस्नी मी तरणी दिसते आन त्या एकट्याला म्हातारी?"

"त्यो म्होरक्या. त्यालाच दिसतं."

म्हाताऱ्यांतून काशाक्का ओरडली. तिला माझ्याआधी बरीच वर्षं खाली आणलेलं होतं, आणि जीभ तिची अजून शाबूत होती. "आमी न्हाई का दिली सगुणा? आमच्या काय पोटात तुटलं नसंल? तूच तेवढी सोन्याची लागून गेलीस?"

"तुमी कशाला दिली?" मी म्हणाले.

"कशाला म्हंजी?"

"मी इचारते, कशाला दिली?"

काशाक्का दगडाकडं बघायला लागली. विमल रडायला लागली होती. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई. माझ्यामुळं भांडण नगं."

"तुझ्यामुळं न्हाई गं बाय."

तेवढ्यात माझ्या कोपरापाशी काहीतरी घासून गेलं. बघते तर आत्याबाई. हातातली काठी टेकत ती आमच्या मधून निघाली, आणि कुणाला कळायच्या आत तिनं दगडाच्या वर पाऊल टाकलं.

"काकी!" तात्या किंचाळले. "काकी, दगड!"

"दिसतोय मला दगड. आंधळी न्हाई झाले अजून."

"वर जाऊ नगा!"

"गेले की," ती म्हणाली. खरंच गेली होती.

बांधावरून ती वर चढत होती, थांबत होती, पुन्हा चढत होती. तिच्यामागं मी. माझ्यामागं विमल. आमच्यामागं तात्या, हातात नारळाची भकलं तशीच. बाकी वाडी दगडापाशी गोठल्यासारखी.

तो तिथंच होता, माझ्या शेतात. नाचणीच्या ओळीत.

आत्याबाई थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. तो उठला नाही. तिनं काठी जमिनीवर ठेवली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. गावातल्या दोन माणसांनी बोलायला बसावं तशी.

"काकी, नजर खाली!" तात्या बांधावरूनच ओरडले.

"लई वर्सं खाली घातली, बाबा. मान आकडली." आणि मग त्या जनावराला, अगदी हळू, "बघू तुझं तोंड. तू माझं बघितलंस न्हवं? आता मी तुझं बघते."

ती बघत राहिली. वारा नाचणीतून गेला. मला तिची पाठ दिसत होती आणि त्याचे पाय. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं ती रडते आहे. पुढं होऊन बघते तर ती हसत होती.

"सगे, हिकडं ये. माझ्या शेजारी बस. आन वर बघ."

"आत्याबाई..."

"वर बघ म्हणते न्हवं!"

मी बसले. त्याचे पाय बघितले, गुडघे बघितले, पोट बघितलं. मग जीव मुठीत धरून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

भुवयांचे केस झडलेले, उरलेले पांढरेफटक. काळं तोंड चुलीवरच्या जुन्या मडक्यासारखं भेगाळलेलं. एका डोळ्यात दुधासारखा पडदा. गालावर कधीकाळच्या चाव्याची आडवी खूण. खालचा ओठ लोंबत होता आणि चघळून चोथा झालेलं कणीस त्यातून बाहेर गळत होतं. आम्ही दोघी इतक्या जवळ बसल्यानं तो बिथरला. भीती घालायला त्यानं तोंड वासलं.

आत एकही दात नव्हता. नुसत्या हिरड्या.

आत्याबाईनंही तोंड वासलं. तिच्याही नुसत्या हिरड्या. दोन बोळकी समोरासमोर. आणि त्यातलं एक खदाखदा हसत होतं.

"आरं माझ्या राजा," ती त्याला म्हणाली, "तुझं बी झालं व्हय रं?"

मग ती वळली आणि खाली ओरडली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"ह्यो म्हातारा हाय! आयकलं का गं? म्हातारा हाय ह्यो! कळपानं हाकलून दिलाय, म्हणून एकटा फिरतोय. पायात जोर न्हाई, पळंल कसा? ह्याला पळाय येत न्हाई म्हणून माझी सून म्हातारी?"

"काकी, काय तरी बोलू नगा," तात्या म्हणाले.

"काय तरी? विमल, ये हिकडं. सगे, तिला दे गोफण. कायमची न्हाई गं, वाजवाय दे."

मी दिली. विमलनं डोळे पुसले, पदर खोचला आणि गोफण फिरवली. पठारावरची पोर ती. असा कडाका उडाला की तात्यांच्या हातातलं खोबरं खाली पडलं.

हुप्प्यानं दुसरं कणीस ओढलं.

"वाजव अजून."

तिनं वाजवली. तो चघळत बसला.

"घ्या," आत्याबाई म्हणाली, "विमल बी म्हातारी झाली. लगीन होऊन दोन पावसाळं झालं न्हाईत, म्हातारी झाली बिचारी! हिला बी बसवा घरात. मग शेत कुणी राखायचं तात्या? तू राखतोस?"

खाली दगडापाशी कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या तोंडाकडं एकदा बघितलं, चटकन नजर काढली, आणि पुन्हा बघितलं.

"पर काकी," ते हळूच म्हणाले, "तुमच्या येळंला..."

आत्याबाईचं हसू थांबलं.

"माझ्या येळंला कोण बसला हुता," ती म्हणाली, "मला काय ठावं? मी पाय बघितलं."

तिनं शेजारच्या ताटाचं एक कणीस तोडलं. तळहातावर मळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, आणि ओले दाणे त्याच्यापुढं मातीवर ठेवले. त्यानं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या हाताकडं. मग दाणे ओठांनी टिपायला लागला.

"खा," ती म्हणाली. "पर हितनं म्होरं ह्या कडंचं खायाचं. मधल्याला हात लावलास तर माझ्याशी गाठ हाय."

खाली हालचाल झाली. काशाक्का दगडापाशी आली होती. तिनं लुगडं जरा वर धरलं, ओढा ओलांडताना धरतात तसं, आणि दगडाच्या वर आली. आली आणि तिथंच उभी राहिली, पायांखालच्या मातीकडं बघत. तिच्यामागं दुसरी. तिच्यामागं अजून एक. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

"आगं, समद्याच वर निघाला?" तात्या ओरडले. "मग भाकरी कोण टाकणार?"

"तुला हात हाईत न्हवं, तात्या?" काशाक्का म्हणाली.

विमल गोफण हातात घेऊन माझ्याकडं बघत होती. परत देताना तिचा हात जड झालेला मला दिसला.

"आई, मग मला?"

"तुला नवी वळू. अंबाडी हाय घरात. दोन गोफणी झाल्या म्हणून छप्पर पडतंय व्हय?"

"आन चूल?"

"आळीपाळीनं. एक दिस तू धूर खा, एक दिस मी."

"आन आजी?"

आजी माळ्याच्या खाली जाऊन उभी होती, एक हात मेढीवर, मान वर. "मला चढवा," ती म्हणाली.

"आत्याबाई, पडशीला."

"पडले तर पडले. चढवा म्हणते न्हवं."

विमलनं वरून हात धरले, मी खालून रेटा दिला, आणि कशीबशी ती माळ्यावर पोचली. बसली. दम खाल्ला. एवढा वेळ दरीकडं बघत राहिली की मला वाटलं, हिला विसर पडला आम्ही इथं आहोत याचा. मग हात पुढं केला. मी गोफण तिच्या हातात दिली. तिनं गोफणीच्या झोळीत खडा घातला, उठून उभी राहिली, आणि फिरवली. पहिला फेर वाकडा गेला, दुसरा जरा नीट, आणि मग दोर असा घुमायला लागला की तिचं मनगट दिसेना.

खडा कुठं गेला कुणालाच कळलं नाही. तात्या मात्र खाली वाकले.

मग तिनं गळा मोकळा केला. त्या घरात इतकी वर्षं काढून मला माहीत नव्हतं की माझ्या सासूला ओवी येते.

*वानराच्या राया, काय बघशी सुरकुती,*
*माझ्या मनगटी बघ, गोफण भिरभिरती.*

आवाज फाटका होता, पण दरीच्या पलीकडं गेला आणि परत आला. पलीकडच्या रानात कळप दचकून उठल्याचं फांद्यांवरून दिसलं. खाली ओळीत हुप्प्या दाणे चघळत होता.

"काकी, उन्हं वर आली," तात्यांनी खालून हाक मारली. "बास झालं. आता खाली या."

तिनं दुसरा खडा उचलला.

"न्हाई येत, जा," ती म्हणाली.